एचएमएस वॉरियर, पोर्ट्समथ: तिकीट काढण्याआधी या जहाजाची पुढची सव्वाशे वर्षं वाचून जा

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदरात ठेवलेलं एचएमएस वॉरियर, ब्रिटिश नौदलाचं 1860 चं लोखंडी युद्धजहाज, बघायला जावं का असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हो, नक्की जा, आणि घाईत जाऊ नका. फक्त जायच्या आधी या जहाजाची नौदलातली नोकरी कशी झाली ते थोडं वाचून घ्या. कारण आत गेल्यावर जे दिसतं ते 1861 ते 1864 या पहिल्या फेरीतलं, म्हणजे पहिल्या नेमणुकीतलं, वॉरियर आहे, नवंकोरं, पितळ लखलखीत, तोफा रांगेत, मधे जेवणाची टेबलं मांडलेली, खलाशी आत्ताच कवायतीला वर गेलेत असं वाटावं इतकं जिवंत. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी तोच काळ निवडला आणि ते बरोबरच केलं, कुठलातरी एक काळ धरावाच लागतो, आणि हे जहाज जगात सगळ्यात भारी होतं तो काळ तोच. पण त्यानंतर त्याच्या वाट्याला काय काय आलं हे माहीत असेल तर तीच टेबलं, त्याच तोफा, तोच लोखंडी पत्रा एकदम वेगळा दिसायला लागतो. म्हणून हा रिव्ह्यू लांबलाय. वेळ, जिने, मुलं वगैरे सगळं शेवटी लिहिलंय, ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी सरळ खाली जावं.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. युद्धनौकांची आवड असलेले बरेच लोक इंग्लंडला जाताना विचारतात की ड्रेडनॉटच्या (1906 चं ब्रिटिश जहाज, ज्याने आधीच्या सगळ्या बॅटलशिप जुन्या ठरवल्या) आधीच्या बॅटलशिपपैकी काही बघायला मिळेल का. तर नाही. मॅजेस्टिक, कॅनोपस, फॉर्मिडेबल, डंकन या सगळ्या क्लासमधलं ब्रिटिश नौदलाचं एकही जहाज उरलेलं नाही, काही बुडाली आणि बाकीची भंगारात गेली. त्या जातीचं जगात एकच शिल्लक आहे, जपानचं मिकासा, योकोसुकाला, आणि तेही बांधलेलं इंग्लंडमध्येच, बॅरोला, विकर्सच्या यार्डात. त्यामुळे ब्रिटनमध्ये राहून तो सगळा काळ समजून घ्यायचा असेल तर त्याच्या उगमाशीच जावं लागतं आणि तो उगम म्हणजे वॉरियर. लोखंडी हल (जहाजाचं धड), त्यावर चिलखत, आत वाफेचं इंजिन, हे सगळं एकत्र घेऊन समुद्रात उतरलेली पहिली मोठी युद्धनौका.

पोचायला एकदम सोपं आहे. लंडनहून ट्रेनने पोर्ट्समथ हार्बर स्टेशनला उतरायचं, स्टेशन पाण्यावरच आहे, आणि बाहेर पडता पडताच काळंभोर लांबलचक जहाज समोर दिसतं. जवळपास 128 मीटर लांब, रुंदी मात्र 18 मीटरच्याही आत, म्हणजे फोटोत वाटतं त्यापेक्षा कितीतरी सडपातळ. तीन डोलकाठ्या, दोन धुराडी, पुढे ढाल-तलवार घेतलेल्या योद्ध्याचा पुतळा. बाजूने नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते, की तोफांची रांग एकच आहे. जुन्या लाकडी जहाजांना दोन-दोन तीन-तीन मजले तोफा असायच्या, याला मुख्य डेक एकच, म्हणून नौदलाच्या भाषेत हे नुसतं फ्रिगेट. आणि या फ्रिगेटसमोर तेव्हाचं एकही तीनमजली जहाज टिकलं नसतं.

हे बांधलं कशाला, तर फ्रेंचांमुळे. फ्रेंचांनी 1858 मध्ये ला ग्लोआर नावाचं चिलखती जहाज बांधायला घेतलं, डिझाइन द्युपुई द लोम या इंजिनियरचं, लाकडी हल आणि त्यावर लोखंडाचे पत्रे. 1859 च्या शेवटी ते तूलाँला पाण्यात उतरलंसुद्धा. ब्रिटिशांकडे लाकडी जहाजांचा प्रचंड ताफा होता आणि एका रात्रीत तो सगळा जुना ठरायची वेळ आली, मग त्यांनी नुसती बरोबरी न करता एक पाऊल पुढे जायचं ठरवलं, हलच लोखंडाची करायची. नौदलाचे मुख्य कन्स्ट्रक्टर आयझॅक वॉट्स यांचं डिझाइन, लंडनमध्ये ब्लॅकवॉलला थेम्स आयर्नवर्क्सला ऑर्डर, मे 1859 मध्ये कामाला सुरुवात. पाण्यात सोडायची तारीख 29 डिसेंबर 1860, नेमका तो हिवाळा इतका कडक की जहाज उतारावरच गोठून बसलं, टगनी ओढलं, हायड्रॉलिक जॅक लावले तेव्हा कुठे ते सरकलं. ऑक्टोबर 1861 ला पूर्ण झालं तेव्हा खर्चाचा आकडा 3,77,292 पौंड होता.

आता आतलं सांगतो. गँगवेवरून वरच्या डेकवर येता आणि तिथून जिन्याने तोफांच्या डेकवर उतरता, आणि माझ्या मते सगळ्या भेटीतला अर्धा वेळ याच डेकसाठी ठेवावा. याच्या मधल्या भागाला चिलखती पेटी म्हणता येईल, साधारण 65 मीटर लांब, बाजूला साडेचार इंच जाड लोखंड, त्यामागे जवळपास दीड फूट सागवान, त्यामागे पुन्हा हलचा लोखंडी पत्रा. पुढच्या आणि मागच्या टोकालाही आडव्या चिलखती भिंती. तोफेच्या खिडकीपाशी उभं राहिलात की भिंतीची जाडी सरळ डोळ्याला दिसते, तिथे जरा थांबा. 1861 मध्ये शूबरीनेसच्या चाचणी मैदानावर याच भिंतीचा एक तुकडा बनवून त्यावर त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या तोफांनी मारा करून पाहिला होता आणि ती भिंत टिकली. चिलखताबाहेरचा पुढचा-मागचा भाग मात्र उघडाच होता, तिथे नुसते वॉटरटाइट कप्पे केलेले. सुकाण्याची यंत्रणाही त्या उघड्या भागातच आली आणि हा डिझाइनमधला खराखुरा दोष होता, नेमक्या जागी एक गोळा लागला असता तर जगातलं सगळ्यात बळकट जहाज नुसतं गोल फिरत बसलं असतं.

तोफांचा हिशेब असा: 68 पौंडी तोंडातून भरायच्या 26, आर्मस्ट्राँगच्या 110 पौंडी मागून भरायच्या 10, आणि 40 पौंडी 4. आज दिसतात त्या बहुतेक तोफा फायबरग्लासच्या प्रतिकृती आहेत, खऱ्या तोफांवरून साचे घेऊन केलेल्या, पण हात लावून बघेपर्यंत कळत नाही इतकं काम चांगलंय. दर दोन तोफांच्या मधे एक टेबल टांगलेलं, दोन्हीकडे बाकं, वरती हॅमॉक अडकवायचे हुक. सातशेच्या आसपास माणसं होती या जहाजावर, त्यातले बहुतेक खलाशी याच तोफांच्या मधे जेवायचे, इथेच झोपायचे आणि इशारा झाला की टेबल-बाकं उचलून इथूनच तोफा चालवायच्या. ताटं, मग, बिस्किटांची भांडी सगळं मांडून ठेवलंय आणि बाकावर बसता येतं, कुणी ओरडत नाही. मला म्युझियममधली काच मधे नसलेली गोष्ट फार आवडते, इथे ती भरपूर आहे. रायफली आणि तलवारी रॅकमध्ये लावलेल्या आहेत, मुलं तिथून हलत नाहीत.

खाली उतरत गेलात की बाथरूम, कपडे धुवायची हाताने फिरवायची मशिनं, कोठडी, दारूगोळ्याची खोली, आणि सगळ्यात खाली बॉयलर आणि इंजिन. इंजिन ग्रीनिचच्या जॉन पेन कंपनीचं होतं, आडव्या सिलिंडरचं, ट्रंक इंजिन म्हणतात त्या प्रकारातलं, आणि त्याला वाफ पुरवायला दहा बॉयलर. खरं इंजिन फार पूर्वीच काढून टाकलेलं, आज दिसतं ते नव्याने बनवलेलं आणि विजेवर हळूहळू फिरणारं, तरी ते फिरताना बघितलं की भट्टीवाल्यांची कल्पना येते. आठशे टनांच्या वर कोळसा भरायचे आणि तो फावड्याने भट्टीत टाकणारी माणसं इथे, पाण्याच्या रेषेच्या खाली, अंधारात. नुसत्या वाफेवर 14 नॉटच्या आसपास वेग, नुसत्या शिडांवर 13, आणि दोन्ही एकत्र लावून एकदा 17 च्या वर गेलं होतं. शिडं लावायची तेव्हा धुराडी खाली सरकवायचे आणि पंखा (प्रोपेलर) पाण्यातून वर ओढून घ्यायचे, आणि तो पंखा इतका जड की शेकडो खलाशी दोरखंडाला लागायचे. मागच्या बाजूला त्या पंख्याची विहीर आहे, तिच्यापाशी उभं राहून हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा.

आता नोकरीचं. इथून पुढचं सगळं जाण्याआधी वाचायचं.

पहिले कॅप्टन आर्थर कॉक्रेन, नेपोलियनच्या युद्धांत गाजलेल्या लॉर्ड थॉमस कॉक्रेन यांचे चिरंजीव. चॅनल स्क्वॉड्रनमध्ये नेमणूक, आणि 1863 च्या मार्चमध्ये डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा प्रिन्स ऑफ वेल्सशी लग्नासाठी येत होती तेव्हा तिच्या शाही नौकेसोबत वॉरियर गेलं. राजकन्येने खूश झाल्याचा निरोप पाठवला आणि कॉक्रेन यांनी तो पितळी पट्टीवर कोरून सुकाण्याच्या चाकावर बसवला. त्याच वर्षी ताफ्याने ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या बंदरांना फेरी मारली तेव्हा तीन लाखांच्या आसपास माणसं वॉरियर बघायला आली, काही बंदरांत तर एका दिवसात तेरा हजार. रेल्वेने बंदरावर येऊन, होडीत बसून, रांगा लावून. म्हणजे लोकांनी हे जहाज बघायला येणं ही आजची गोष्ट नाही, त्याच्या नोकरीचा तो एक भागच होता. फ्रेंचांना दिसावं आणि आपल्या लोकांना धीर यावा हेच काम होतं, आणि ते काम त्याने एक गोळा न झाडता केलं.

याच काळात तोफखान्याचा लेफ्टनंट म्हणून एक विशी ओलांडलेला तरुण अधिकारी जहाजावर होता, जॉन फिशर. हाच फिशर पुढे फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलाचा प्रमुख, झाला आणि 1906 मध्ये त्याने एचएमएस ड्रेडनॉट आणलं, ज्यामुळे आधीच्या सगळ्या बॅटलशिप एका फटक्यात मागे पडल्या. वॉरियरने 1861 मध्ये लाकडी ताफ्याचं जे केलं तेच फिशरने पंचेचाळीस वर्षांनी लोखंडी-पोलादी ताफ्याचं केलं. मला हे कळलं तेव्हापासून तोफांच्या डेकवर फिरताना हा माणूस इथे उभा राहून कवायत घेत असेल हे डोक्यातून जातच नाही.

आर्मस्ट्राँगच्या 110 पौंडी तोफांनी मात्र नाव घालवलं. मागून भरायची सोय कागदावर उत्तम, पण मागचा तुकडा नीट बंद झाला नाही तर तो उडायचा, आणि 1863 मध्ये जपानमध्ये कागोशिमावर दुसऱ्या ब्रिटिश जहाजांनी मारा केला तेव्हा असे अपघात इतके झाले की नौदलाचा या तोफांवरचा विश्वासच उडाला. 1864 च्या शेवटी वॉरियर दुरुस्तीला गेलं ते 1867 पर्यंत, आणि बाहेर आलं तेव्हा जवळजवळ सगळ्या तोफा बदललेल्या, तोंडातूनच भरायच्या पण आत आटे कापलेल्या 7 इंची आणि 8 इंची. म्हणजे आज तुम्ही जी तोफांची मांडणी बघता ती या जहाजावर फक्त पहिली तीनेक वर्षंच होती.

दुसऱ्या फेरीत जग बदललेलं होतं. 1868 मध्ये हर्क्युलिस पूर्ण झालं त्याचं चिलखत काही ठिकाणी 9 इंच, तोफा 10 इंची. सात वर्षांत दुप्पट. वॉरियर अजून मजबूत होतं, अजून वेगवान होतं, पण आता ते पहिल्या रांगेतलं राहिलं नव्हतं. 1868 च्या ऑगस्टमध्ये ताफ्यातल्याच रॉयल ओकला धडकलं, पुढचा योद्ध्याचा पुतळा आणि पुढची काठी तुटून गेली, कॅप्टन बॉइस यांच्यावर कोर्ट मार्शल झालं आणि ते निर्दोष सुटले. 1869 च्या जुलैमध्ये तर मला फार आवडणारं काम केलं, जुळं भावंड असलेलं जहाज ब्लॅक प्रिन्स आणि चाकाची बोट टेरिबल यांच्यासोबत एक अवाढव्य तरंगती गोदी मडेराहून बर्म्युडापर्यंत ओढून नेली, 2,700 सागरी मैल, अटलांटिक ओलांडून, साधारण तीन आठवडे. लढाऊ जहाजाच्या नोकरीत हे काम कुणी मोठं मानत नाही, मी मानतो, कारण त्या दोन भावंडांच्या इंजिनांची आणि कोळसा टाकणाऱ्यांची खरी परीक्षा तिथे झाली.

1870 च्या सप्टेंबरमध्ये स्पेनच्या फिनिस्टेअर टोकाजवळ एकत्र आलेल्या ताफ्यात वॉरियर होतं, आणि त्याच रात्री वादळात त्याच ताफ्यातलं नवीन टरेट जहाज (तोफा फिरत्या बुरुजात बसवलेलं) एचएमएस कॅप्टन उलटून बुडालं. पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली, त्यात त्या जहाजाचे डिझाइनर कूपर कोल्स स्वतः होते. चिलखत, टरेट आणि वर शिडांच्या जड डोलकाठ्या, हे तिन्ही एका बुटक्या जहाजावर घालायचा तो शेवट होता. तीनच वर्षांनी डेव्हास्टेशन हे नवं जहाज आलं, शिडं नाहीत, एक टरेट पुढे आणि एक मागे, सगळा भार वाफेवर, आणि पुढच्या सगळ्या बॅटलशिपचा चेहरा तसाच झाला. म्हणून वॉरियरच्या वरच्या डेकवर उभं राहून मान वर करून डोलकाठ्या बघता तेव्हा हे लक्षात ठेवा, की नव्या युगाच्या या पहिल्या जहाजाच्या डोक्यावर जुनं युग अजून पूर्ण उभं होतं. आताच्या डोलकाठ्या पोलादी नळ्यांच्या आहेत, तो सोयीचा बदल मला खटकला नाही.

1872 ते 1875 आणखी एक दुरुस्ती, नवे बॉयलर, मागे पूप डेक (शेपटाकडचा उंच डेक), आणि मग राखीव ताफ्यात. पोर्टलंडला, नंतर क्लाइडला, राखीव खलाशांना उन्हाळ्यात कवायत द्यायची, मधे 1878 मध्ये रशियाशी युद्ध होईल असं वाटलं तेव्हा पुन्हा बोलावणं आलं पण युद्ध झालं नाही. 1883 च्या मे महिन्यात पोर्ट्समथला सेवेतून काढलं, दोन डोलकाठ्या सडलेल्या निघाल्या. बावीस वर्षं. एकही लढाई नाही. याला काही लोक अपयश म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्या कामासाठी ते बांधलं ते काम म्हणजे फ्रान्सशी आरमारी युद्ध होऊ न देणं, आणि ते युद्ध झालं नाही. त्याचं सगळं श्रेय या एका जहाजाला देता येणार नाही हे खरं, पण सुरुवातीच्या काही वर्षांत एकच शंका होती, ब्रिटिशांनी काय बांधलंय ते, आणि ती शंका वॉरियर आणि ब्लॅक प्रिन्स यांनीच मिटवली.

त्यानंतर जो भाग आहे तो मला सगळ्यात जास्त भिडतो आणि जहाजावर फिरताना त्याच्या खुणा जवळजवळ दिसत नाहीत. आधी नुसतं हल्क (बंदरात बांधून ठेवलेलं, समुद्रात न जाणारं जुनं जहाज) म्हणून पडून. 1902 मध्ये डेपो शिप, म्हणजे इतर जहाजांना सोयी पुरवणारं जहाज. 1904 पासून पोर्ट्समथच्याच टॉर्पेडो शाळेला जोडून दिलं, एचएमएस व्हर्नन नावाची ही शाळा जुन्या हल्कवर चालायची आणि वॉरियरचं नाव झालं व्हर्नन 3, काम काय तर शाळेला वाफ आणि वीज पुरवायची. जगातल्या सगळ्यात बलाढ्य युद्धनौकेचं पॉवर हाउस झालं. नंतर व्हर्नन किनाऱ्यावर गेलं, आणि ती किनाऱ्यावरची जागा म्हणजे आजचं गनव्हार्फ कीज, स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला आहे ते शॉपिंग सेंटर. जहाज बघून तिथे कॉफी प्यायला जाणाऱ्यांना हे माहीत असलं तर बरं.

1925 मध्ये नौदलाने विकायला काढलं. ब्लॅक प्रिन्स दोन वर्षं आधीच भंगारात गेलेलं. पण पहिल्या महायुद्धानंतर जहाजांचं भंगार इतकं झालेलं की वॉरियरला गिऱ्हाइकच मिळालं नाही, आणि केवळ त्यामुळे ते वाचलं. मग 1929 मध्ये वेल्सला पेम्ब्रोक डॉकला ओढत नेलं आणि तेलाच्या डेपोसमोर धक्का म्हणून बांधून टाकलं. वरच्या डेकवर काँक्रीट ओतलं. पुढची जवळपास पन्नास वर्षं जहाजं येऊन याच्या कडेला लागायची, तेल भरायची, जायची, साधारण पाच हजार जहाजं. राखणदार आपल्या कुटुंबासह जहाजावरच राहायचे. 1942 मध्ये वॉरियर हे नाव नव्या विमानवाहू जहाजाला हवं होतं म्हणून याचं नावही काढून घेतलं आणि फक्त नंबर दिला, ऑइल फ्युएल हल्क सी 77. तेल भरायला आलेल्या किती नाविकांना माहीत असेल की आपण कशावर दोर बांधतोय, मला वाटतं फार थोड्यांना.

1970 च्या दशकात तेलाचा डेपो बंद झाला आणि जहाज वाचवायची धडपड यशस्वी झाली. सर जॉन स्मिथ, आधी खासदार होते, त्यांच्या मॅनिफोल्ड ट्रस्टने पैशाची मुख्य जबाबदारी घेतली. 1979 मध्ये ओढत हार्टलपूलला नेलं, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, जिथे जहाजबांधणी मोडकळीला आलेली होती पण हातात कला असलेली माणसं होती. आठ वर्षं काम चाललं. काँक्रीट फोडून काढलं, डेक नवीन घातले, तोफा, इंजिन, डोलकाठ्या, फर्निचर, पुढचा योद्धा, सगळं जुन्या नकाशांवरून आणि नोंदींवरून पुन्हा घडवलं. म्हणून तुम्ही बघता त्यातलं हल, चिलखत आणि त्यामागचं सागवान हे खरं 1860 चं, आणि आतलं बरंचसं 1980 च्या दशकातल्या कारागिरांचं. काही लोक यावरून नाक मुरडतात, प्रतिकृतीच बघायची तर कशाला जायचं म्हणतात. माझं म्हणणं उलट आहे, शंभर वर्षांत जे रिकामं झालं ते इतक्या अचूकपणे परत भरणं ही स्वतंत्रपणे बघण्यासारखी गोष्ट आहे, आणि साडेचार इंची लोखंडावर हात ठेवलात की तिथे काही खोटं नाही. 16 जून 1987 ला जहाज पोर्ट्समथला परत आलं आणि तेव्हापासून इथेच आहे.

आता कामाचं. डॉकयार्डचं (ही सगळी जुनी जहाजं ठेवलीत त्या आवाराचं) तिकीट ऑनलाइन आधी काढा, एकट्या वॉरियरसाठी न काढता सगळ्या जहाजांचं मिळून घेतलं तर जास्त परवडतं, दर बदलत राहतात म्हणून आकडा लिहीत नाही. क्रम असा ठेवा: आधी एचएमएस व्हिक्टरी, 1765 चं, तिथे दुरुस्तीचं मोठं काम चालू आहे तरी बघाच, लाकूड आणि तीन मजले तोफा डोक्यात बसतात, आणि मग लगेच वॉरियर. शंभरच वर्षांत काय झालं ते दहा मिनिटं चालून कळतं. उलट क्रमाने गेलात तर व्हिक्टरीवर जीव रमेल पण वॉरियर किती मोठी उडी होती हे निसटेल.

वॉरियरवर कमीत कमी दीड-दोन तास ठेवा. जिने उभे आणि अरुंद आहेत, उतरताना जहाजाच्या पद्धतीने तोंड जिन्याकडे करून उतरा, उंच माणसांनी डोकं सांभाळावं. गुडघे दुखत असतील तर वरचा डेक आणि तोफांचा डेक तेवढाच बघितला तरी चालेल, तिकीट वसूल होतं, पण जमत असेल तर बॉयलरपर्यंत नक्की जा. लहान बाळाची गाडी आत नेऊ नका. मुलं सहा-सात वर्षांच्या पुढची असतील तर अगदी खूश होतात कारण बसायला, हात लावायला, चढायला-उतरायला भरपूर आहे. जहाजावरच्या स्वयंसेवकांना प्रश्न विचारा, त्यांना फार माहिती असते आणि सांगायची हौसही असते, पेम्ब्रोकच्या दिवसांबद्दल विचारलंत तर गप्पा पटकन रंगतात. हिवाळ्यात गेलात तर तोफांच्या डेकवर चांगलाच गार वारा येतो, जाड जॅकेट घाला, आणि शक्यतो सकाळी उघडल्या उघडल्या जा, शाळांच्या सहली यायच्या आत तो डेक पुष्कळदा तुमच्या एकट्याचा असतो.